एक खुर्ची अडीच वेळा विणली: वेताचं किट आणि दुरुस्तीवाले काका, दोन्हींचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे ऑनलाइन मागवलेलं वेत विणायचं किट आणि दुसरं म्हणजे जुन्या खुर्च्या दुरुस्त करून देणारे एक काका. नाव दोघांचंही लिहीत नाहीये. तसली किटं ढिगाने मिळतात आणि काकांनी मला स्वतःच सांगितलंय की ताई, आहे तेच काम उरकत नाही, अजून माणसं पाठवू नका. त्यामुळे नाव शोधू नका, काय बघून घ्यायचं तेवढं बघा.

खुर्च्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घर रिकामं करताना दिल्या. डायनिंगच्या सहा, बीचच्या लाकडाच्या, पाठीला दोन आडव्या पट्ट्या, आणि बूड हाताने विणलेल्या वेताचं, म्हणजे एकेकाळी होतं. दोन खुर्च्यांना नुसती चौकट उरलेली, दोघींच्या मधोमध भगदाड, एकीवर कुणीतरी प्लायवूड ठोकून वरून रेक्झिन ताणलेलं, आणि सहावी दिसायला ठणठणीत पण बसलं की करकर करकर. नवऱ्याने विचारलं ह्या ठेवणार कुठे, मी म्हटलं टेबलाभोवती, तर तो म्हणाला आणि बसणार कोण. मला वाटत होतं वेत नवा घातला की झालं, दोनचार रविवारचं काम.

तर किट. खोक्यात वेताची एक लडी, काठाला लावायचा जरा रुंद वेत, मूठभर लाकडी खुंट्या, एक टोच्या आणि आठ पानांचं माहितीपत्रक. वेत मात्र खरंच सुंदर होता, हे आधी लिहिते म्हणजे पुढच्या शिव्या ऐकताना लक्षात राहील. वेत म्हणजे बांबू नाही हे मलाही तेव्हाच कळलं. बांबू आतून पोकळ, वेत भरीव, ती माडाच्या कुळातली चढणारी वेल आहे आणि खुर्ची विणायला वापरतात ती तिची बाहेरची साल, पट्ट्या काढलेली. एक बाजू चकचकीत, एक बाजू खरखरीत, चकचकीत कायम वर. आणि दर थोड्या अंतरावर जिथे पान फुटलेलं असतं तिथे एक बारीकसा डोळा असतो. चिमटीत वेत धरून बोटं एका दिशेने ओढा, सरसर जाईल, उलट ओढा, त्या डोळ्याशी अडकेल. विणताना वेत त्या सरसर जाणाऱ्या दिशेनेच ओढायचा, नाहीतर प्रत्येक डोळा प्रत्येक ओळीत अडकतो, साल उचकटते आणि तुम्ही वेताला दोष देत बसता. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, मला ते तिसऱ्या दिवशी माझ्याच बोटांनी शिकवलं, अंगठ्याला चीर पडल्यावर.

माहितीपत्रकात वेत एक तास पाण्यात ठेवा असंही लिहिलंय. ठेवला. राखाडी झाला. बारीक वेताला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ होतात, जास्त ठेवला तर रंग जातो. सगळी लडी एकदम बुडवायची पण नाही, तीन-चार पट्ट्या भिजत घालायच्या, त्यातली एक उचलली की नवी टाकायची.

पण किटचा खरा घोळ जाडीचा. जाहिरातीत लिहिलंय की सगळ्या खुर्च्यांना चालेल, आणि असा वेत नसतोच. चौकटीला भोकं असतात ना, त्यातल्या एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत पट्टी लावून मोजायचं आणि त्यावरून वेताची जाडी ठरवायची. अंतर १६ मिलिमीटर असेल तर वेत अडीच मिलिमीटरचा, १९ असेल तर तीनचा, साधारण असा हिशोब. माझ्या खुर्च्यांचं अंतर १६ आणि किटमध्ये तीनचा वेत. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय असं म्हणून मी सुरुवात केली. एकेका भोकातून चार वेत जातात, वर काठ बांधणाऱ्या वेताच्या दोन फेऱ्या, म्हणजे सहा, आणि भोक असतं जेमतेम पाच मिलिमीटरचं. चौथ्या फेरीला भोकं गच्च भरली, टोच्या घालून जागा करायला गेले तर आधीचा वेत तुटला. सगळं कापून काढलं आणि अडीच मिलिमीटरची वेगळी लडी मागवली. ही झाली पहिली अर्धी वेळ.

दुसरी लडी साधारण ३०० मीटरची होती. एका बुडाला, वाया जाणारा धरून, ७५ मीटर लागतो, म्हणजे एका लडीत तीन-चार खुर्च्या होतात. जास्त वाटेल, पण हान्स वेग्नर या डॅनिश डिझायनरच्या त्या प्रसिद्ध विशबोन खुर्चीला १२० मीटर दोरी लागते. ती मात्र वेत नाही, कागदाची पिळलेली दोरी, आणि तिला भोकं नसतात, चौकटीच्या दांड्यांभोवतीच गुंडाळत विणतात. सांगायचं कारण म्हणजे जुनी खुर्ची घेताना आधी उलटी करून बघा. कडेने भोकांची रांग असेल तर हाताने विणायची, वरून चौकटीला एक सलग खाच असेल तर मशीनवर विणलेली तयार जाळी बसवायची, ती खाचेत दाबतात आणि वरून गोंद लावून वेताचीच पट्टी ठोकतात. ही दोन वेगळी कामं आहेत. माझ्या रेक्झिनवाल्या खुर्चीला एका दुकानात सांगितलं की भोकं खराब झालीत, आम्ही खाच पाडून जाळी बसवून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. मला कळणार होतं. तिथून उठले.

विणायचं कसं ते सगळं लिहीत नाही, युट्यूबवर भरपूर आहे, पण किटच्या माहितीपत्रकात जे सर्वात गचाळ दाखवलंय तेवढं सांगते. एकूण सात फेऱ्या. पहिली मागून पुढे, उभी. दुसरी तिच्या वरून आडवी. तिसरी पुन्हा उभी, त्याच भोकांतून, सगळ्यांच्या वर, पहिलीच्या जराशी उजवीकडे. इथपर्यंत विणणं नाहीच, नुसतं मांडणं आहे आणि माणसाला वाटतं आपल्याला जमतंय. चौथीला खरी सुरुवात, आडवा वेत प्रत्येक जोडीतल्या वरच्या वेतावरून आणि खालच्याच्या खालून, इथे पाण्याचा हात फिरवत राहायचं. मग दोन तिरक्या. एक तिरका उभ्या जोड्यांखालून आणि आडव्या जोड्यांवरून जातो, दुसऱ्या दिशेचा बरोबर उलटा. आता यातली गंमत. तिरका बरोबर गेला तर ओढताक्षणी उभ्या-आडव्या जोड्या जिथे एकमेकींना ओलांडतात त्या कोपऱ्यात आपोआप घसरून बसतो, आवाजसुद्धा येत नाही. चुकीचा गेला तर जोड्यांच्या कडेवर घासत राहतो, ओढायला जोर लागतो आणि त्याच्या कडा फुलतात. म्हणजे डोळे मिटूनसुद्धा कळतं. माहितीपत्रकातल्या चित्रात दोन्ही तिरके सारखेच काढलेत! मी त्या चित्रावर विश्वास ठेवून अकरा ओळी घातल्या आणि अकराच्या अकरा उसवल्या.

एकोणीस तास लागले. सलग नाही, तीन आठवड्यांत मिळून. शेवटचा काठ बांधला, ओला वेत रात्रभर वाळू दिला, सकाळी टिचकी मारली तर डफासारखा टणत्कार. मी घरातल्या प्रत्येकाला ती टिचकी मारायला लावली.

चौथ्या दिवशी खुर्चीवर बसून मागे टेकले आणि मागचा पाय सांध्यातून हलला. पडला नाही, हलला, पाठ एकीकडे आणि बूड दुसरीकडे असं काहीतरी. महिन्याभरात दोन जागी वेत सैल पडला आणि एका कोपऱ्यात काठाजवळ तुटला. तेव्हा काकांकडे गेले, म्हणजे मुळात बाकीच्या चार विणून घ्यायला गेले होते, ही दाखवायला नेली. जरा मिरवायला पण.

काकांनी विणकामाकडे बघितलंच नाही. खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली, दोन पाय दोन हातांत धरून कात्रीसारखे दाबले, सोडले, परत दाबले. मग चौकटीच्या सांध्यात एक पत्ता सरकवला, पत्त्यांच्या जोडातला खरोखरचा पत्ता, बदामाची सत्ती, आणि तो अर्धा आत गेला. म्हणाले, "ताई, हात चांगला आहे तुमचा. पण हे कापावं लागणार."

मी म्हटलं, "काका, एकोणीस तास लागलेत हो."

"कळतंय. पण चौकट सोडवल्याशिवाय सांधा साफ कसा करू? आणि तुमचा हा वेत चौकटीच्या चारही बाजू बांधून बसलाय."

बरोबरच होतं. वेत सुकला की आखडतो, चारही दांड्या आत ओढतो. सांधे घट्ट असले की त्यानेच बूड ताठ राहतं, आणि सांधे सैल असले की बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला चौकट तिरकी होते आणि तो मार सगळा वेतावर येतो. माझा वेत तुटला नव्हता, चौकटीने तोडला होता. किटच्या आठ पानांत सांध्यांबद्दल एक ओळ नाही. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे, जाडीवरचा नाही. जाडीचं निदान पहिल्या दिवशी कळतं.

काकांचं काम पायापासून सुरू होतं. सहाच्या सहा खुर्च्या आधी सुट्या केल्या, म्हणजे जे सांधे हलत होते ते सगळे. प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आकडा, कारण हाताने बनवलेल्या खुर्चीचा दांडा शेजारच्या खुर्चीत बसेलच असं नाही. रबरी हातोड्याने हलके ठोके, आणि जिथे सुटेना तिथे कोमट पाणी, ब्रशने, थेंबथेंब. जुना सरस असतो तो जनावराच्या कातडी-हाडांचा, त्याला ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. जिथे मागच्या कुणीतरी पांढरा गोंद भरला होता तिथे हाल झाले. तो पाण्याने तसा सुटत नाही, खरवडूनच काढावा लागतो आणि वाळलेल्या गोंदावर नवा धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. दोन खुर्च्यांना तर आतून लोखंडी अँगल आणि स्क्रू मारलेले. काका म्हणाले, स्क्रूने सांधा घट्ट होत नाही, फक्त हलताना लाकूड चिरतं. एका पायाला खरंच चीर होती.

(जिथे मुळातच स्क्रूवर सगळं उभं आहे तिथली गोष्ट वेगळी. थोनेट या जुन्या फर्निचर कंपनीची १४ नंबरची वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, १८५९ची, लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुटी करून एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या पाठवायचे. तसली सापडली तर नशीब समजा, सैल झाली की स्क्रू आवळा. माझ्या तसल्या नाहीत.)

जोडताना काकांनी परत सरसच वापरला. मी विचारलं आता इतके भारी गोंद मिळतात, मग हा का, तर म्हणाले उद्या परत सोडवायची वेळ आली तर सांधा सुटला पाहिजे, लाकूड फाटता कामा नये. शिवाय जुन्या सरसाचा अंश राहिला तरी नवा सरस त्याला धरतो. क्लॅम्प होते त्यांच्याकडे, पण चार पाय एकदम आवळायला दोरी. दोरीचे दोन वेढे चारही पायांभोवती, मधे एक दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दांडकं आडव्या दांड्याला अडकवून ठेवायचं. मग खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघायचं, नाही टेकले तर ओला सरस आहे तोवर दाबून सरळ करायचं. एक दिवस तशीच ठेवायची, हात लावायचा नाही.

रेक्झिनवाल्या खुर्चीत प्लायवूडच्या खिळ्यांनी भोकांच्या कडा फाटल्या होत्या. तिथे काकांनी लाकडी डॉवेल घालून भोकं बुजवली आणि परत पाडली. ८४ पैकी नऊ. कुठली ते मला आता शोधून सापडत नाहीत, वरून तर नाहीच, खालून रंगात थोडा फरक दिसतो. ८४ मला कसं माहीत, तर काका मजुरी भोकावर लावतात. खुर्ची आणली की आधी भोकं मोजतात. मला ती पद्धत एकदम आवडली, घासाघीस करायला जागाच नाही.

पॉलिशचंही लिहिते. मी स्वतःच्या खुर्चीला उत्साहाने सँडपेपर मारून ठेवला होता, पार कोरं लाकूड निघेपर्यंत. काकांनी बाकीच्यांवर तो लावलाच नाही. आधी खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवला, पॉलिश चिकट झालं म्हणजे लाखेचं. मग नुसतं साफ करून, चार शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक तारांच्या स्टील वूलने मेण घासून कपड्याने चमकवलं. हातांनी पकडून पकडून पाठीच्या वरच्या पट्टीला जो काळसर गुळगुळीतपणा आलेला असतो तो तसाच राहिला. माझी खुर्ची आता सहाजणींत एकटी गोरी आहे आणि ती तशीच राहणार, हे माझ्या कर्माने. आणि हो, हे सगळं वेताच्या आधी. मेण आणि स्पिरिट नव्या वेतावर गेलं की डाग पडतात. क्रम म्हणाल तर सांधे, मग पॉलिश, मग वेत, आणि किट विकणारे उलट्या टोकापासून सुरुवात करून देतात.

आता काकांच्या तक्रारी, कारण फक्त कौतुक केलं तर खोटं वाटेल. चार आठवडे सांगून नऊ लावले. मधे फोन उचलायचे नाहीत, उचलला तर "झालंच आहे ताई" आणि जाऊन बघावं तर खुर्ची अजून दोरीत. एका खुर्चीचा पायांमधला दांडा दुसरीत बसवला होता. आकडे घातलेले असून! चिकटपट्टी गळून पडली म्हणाले, परत सुटी करून दुरुस्त केलं, त्यात अजून एक आठवडा. विणायचं काम अर्धं त्यांचा हाताखालचा मुलगा करतो हे आधी सांगितलं नव्हतं. त्या मुलाचा हात चांगला आहे, पण चौथ्या खुर्चीच्या डाव्या कोपऱ्यात मला दोन तिरके फुललेले दिसले, कडा बारीक धाग्यासारख्या सुटलेल्या. अकरा ओळी उसवलेल्या बाईच्या नजरेतून ते कसं सुटणार. मी बोट ठेवलं. काकांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि काही न बोलता कात्री घेऊन काठ कापला. चार दिवसांनी परत दिली, पूर्ण नव्याने विणून, भोकांचे पैसे परत न लावता. उशिराचे मार्क कापले होते ते इथे थोडे परत दिले.

माझी पहिली खुर्ची सांधे पक्के करून आल्यावर मी परत विणली, बारा तासांत. मग अजून एक. म्हणजे एकच खुर्ची अडीच वेळा आणि दुसरी एकदा, त्यात ती लडी संपली, शेवटी हातात जेमतेम एका ओळीचा तुकडा राहिला होता. बाकीच्या चार काकांच्या. सहा महिने रोज वापरतोय. एकदा वेत थोडा झोल खाल्ल्यासारखा वाटला तेव्हा खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं आणि रात्रभर कुणाला बसू दिलं नाही, सकाळी परत ताठ. खालूनच का, तर वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही. त्याच कारणाने वरून वॉर्निश मारायच्या भानगडीत पण पडू नका, धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. नवा वेत सुरुवातीला फिकट दिसतो, त्याला उजेड आणि वेळ द्या, आपोआप मधाच्या रंगाकडे जातो. खुर्चीवर उभं राहून बल्ब बदलायचा नाही, गुडघा टेकायचा नाही, एवढं मात्र घरात ओरडून सांगावं लागतं.

मार्क द्यायचे तर किटला पाचपैकी दोन, आणि ते दोन्ही वेताचे, माहितीपत्रकाला शून्य. किट घेऊच नका, भोकांचं अंतर मोजून हव्या त्या जाडीची लडी सुटी घ्या, खुंट्या आणि टोच्या काय कुठेही मिळतात. काकांना साडेचार, अर्धा फोनसाठी कापला. तुमच्याकडे कुणी कारागीर असेल तर त्याला खुर्ची द्या आणि तो आधी बूड बघतो की पाय हलवून बघतो एवढंच बघा, बुडावरून भाव सांगायला लागला तर खुर्ची उचलून घरी या.

ती कापलेली जाळी काकांनी फेकली नव्हती, कडेकडेने कापून अख्खीच्या अख्खी काढून दिली होती, परत विणताना नमुना म्हणून समोर ठेवायला. काम झाल्यावर ती आमच्या मांजराने ताब्यात घेतली. रोज सकाळी त्यावर नखं घासते आणि खुर्च्यांना अजून तरी हात लावलेला नाही.